बल्ब दिसता कामा नये : डॅनिश दिवे आणि ते घडवणारे लोक

रानजाई

कोपनहेगनमधल्या पहिल्या भाड्याच्या घराची किल्ली हातात पडली ती नोव्हेंबरात, संध्याकाळी साडेचारला. बाहेर काळोख दाटला होता. दार उघडलं, भिंत चाचपून बटण दाबलं, काही नाही. दुसरं दाबलं, तेही गप्प. मोबाइलच्या उजेडात वर पाहिलं तर छताला एक बारकी पांढरी डबी आणि शेजारी हूक. दिवाच नाही. तिन्ही खोल्यांत तीच गत. घरमालकांना फोन केला तर तेच बुचकळ्यात पडले. दिवे तुमचे तुम्ही आणायचे ना? आपण घर सोडताना पडदे काढून नेतो, तसे इथले भाडेकरू दिवे काढून नेतात.

त्या रात्री समोरच्या आजींनी तळघरातून एक जुना दिवा आणून दिला. पत्र्याचा, पांढरा, पालथ्या थाळ्यांवर थाळ्या रचल्यासारखा, एका कडेला पोचा आलेला. वयाची पंच्याहत्तरी उलटलेली बाई स्वतः स्टुलावर चढली आणि दिवा इतका खाली सोडला की टेबलापासून जेमतेम दोन फुटांवर आला. मी म्हटलं, अहो डोक्याला लागेल. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि विचारलं, बल्ब दिसतोय का? मी मान वाकडी केली, खाली वाकले, उठून उभी राहिले. नाही दिसला. टेबल उजळलं होतं, समोर बसलेल्या आजींचा चेहरा छान दिसत होता, पण उजेड नेमका कुठून येतोय ते सापडेना.

तो दिवा 'पीएच ५' होता. पीएच म्हणजे पॉल हेनिंगसेन (१८९४-१९६७). पेशाने वास्तुरचनाकार, पिंड मात्र भांडखोर लेखकाचा. १९२६ ते २८ या काळात 'क्रितिस्क रेव्यू' नावाचं नियतकालिक चालवून त्याने आपल्याच व्यवसायबंधूंना भरपूर झोडपलं. नाट्यगृहांसाठी गाणी लिहिली. पण नाव राहिलं ते दिव्यांमुळे. लहानपण रॉकेलच्या दिव्यांच्या मऊ उजेडात गेलेलं, आणि तरुणपणी घरोघर विजेचे उघडे बल्ब आले. ते त्याला सहन होईनात. वीज आली आणि घरातला उजेड बिघडला, ही त्याची तक्रार. त्यावर तो रडत बसला नाही, चाळीस वर्षं दिवे करत बसला.

त्याचे दिवे बनवणारी कंपनी लुई पौल्सेन. तिची सुरुवात ऐकून मला हसू आलं. १८७४ साली लुडविग पौल्सेनने वाइन आयात करायचं दुकान काढलं. चार वर्षांत ते बंद पडलं. मग १८९२ मध्ये कोपनहेगनात पहिलं वीजकेंद्र सुरू झालं आणि याने विजेचं सामान आणि हत्यारं विकायला घेतली. पुढे पुतण्या लुई आला, नाव त्याचं लागलं. वाइन चालली असती तर आज काय झालं असतं कोण जाणे.

१९२५ च्या पॅरिसच्या सजावटी कलांच्या जागतिक प्रदर्शनात हेनिंगसेनच्या दिव्याला सुवर्णपदक मिळालं. पुढच्याच वर्षी कोपनहेगनचं 'फोरम' हे नवं प्रदर्शनगृह मोटारींच्या प्रदर्शनासाठी उघडलं, तिथे त्याचे तीन शेडवाले दिवे लागले. तिथून जी गाडी सुटली ती अजून थांबलेली नाही.

इथे डिसेंबरात दिवस सात तासांचा. पावणेचारच्या आधी सूर्य मावळतो. त्यामुळे दिवा हा विषय चेष्टेचा नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असे दिवे आहेत का? पाहिलेत का? लिहा सगळे. मीही जमेल तशी भर घालीन.

तारमास्तर

ताई, छान धागा. मी वीज मंडळातून निवृत्त, त्यामुळे सौंदर्याचं तुम्ही बघा, मी आतल्या गणिताचं सांगतो.

त्या तीन थाळ्यांचा आकार डोळ्याला बरा दिसतो म्हणून ठरवलेला नाही. तो लॉगरिदमिक सर्पिलातून काढलाय. गोगलगायीच्या शंखाची रेषा डोळ्यांसमोर आणा. या रेषेचा गुण असा, की मध्यबिंदूपासून निघालेला कुठलाही किरण तिला कुठेही जाऊन भिडला तरी कोन तोच. हेनिंगसेनने बल्ब त्या मध्यबिंदूवर ठेवला. म्हणजे शेडच्या आतल्या बाजूवर प्रकाश सगळीकडे एकाच कोनात पडणार, कुठे लखलखीत डाग नाही, कुठे काळा पट्टा नाही. त्यातला बराचसा उजेड खाली आणि बाजूला परततो. थेट बल्बकडून डोळ्यात येणारा किरण मात्र कुठली ना कुठली थाळी अडवते.

साधी शेड बल्ब झाकते, पण खाली मान घालून बघितलंत की दिसतोच. शिवाय शेडच्या बाहेर एकदम अंधार, म्हणजे डोळ्याला सारखी कसरत. तीन शेडमध्ये उजेड टेबलावर जास्त, चेहऱ्यावर मध्यम, छताकडे थोडा, असा उतरत जातो. सावल्या असतात, पण कडा मऊ.

नावातला आकडा म्हणजे वरच्या शेडच्या व्यासाचं माप. पीएच ५ म्हणजे पन्नास सेंटिमीटर. १९५८ सालचं मॉडेल. तेव्हा बल्बवाले दर काही वर्षांनी बल्बचा आकार बदलत होते आणि याची सगळी गणितं बिघडत होती, कारण बल्ब मध्यबिंदूवरून हलला की सर्पिल बेकार. वैतागून त्याने असा दिवा केला, की आत कसलाही बल्ब लावा, बाहेरून दिसणार नाही आणि उजेड नीट पडेल. आत डोकावलंत तर एक लाल शंकू आणि एक निळी बारकी तबकडी दिसेल. डोळ्याला पिवळा-हिरवा प्रकाश सहज जाणवतो, लाल आणि निळा कमी जाणवतो, म्हणून ती दोन टोकं जरा भरून काढायची, हा त्यामागचा विचार.

जाता जाता. डॅनिश आणि वीज म्हटलं की आमच्या पिढीला एल अँड टी आठवते. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो हे दोघे डॅनिशच. १९३८ साली मुंबईत त्यांनी धंदा सुरू केला तो डेन्मार्कची दुग्धव्यवसायाची यंत्रं आणून. स्विचगिअर, म्हणजे वीज जोडणारी-तोडणारी उपकरणं, नंतर आलं. तिकडे वाइनवाल्याने वीज घेतली, इकडे दूधवाल्यांनी.

फुकटचा सल्ला

या पीएच ५ ची किंमत बघितली. सहा-सात हजार क्रोनर! म्हणजे सत्तर-ऐंशी हजार रुपये, एका पत्र्याच्या दिव्याला. आमच्या हॉलमध्ये तीनशेची एलईडी पट्टी लावली आहे, कोपरान्‌कोपरा दिसतो. सुईत दोरा ओवता येतो. गणित वगैरे ठीक आहे हो, पण हा श्रीमंतांचा चोचलाच ना शेवटी?

रानजाई

@फुकटचा सल्ला, दुकानातली किंमत खरीच डोळे फिरवणारी आहे. पण इथे हे दिवे शाळेत, ग्रंथालयात, दाताच्या डॉक्टरकडे, सरकारी कचेरीत लटकलेले दिसतात. एकदा घेतला की तीस-चाळीस वर्षं चालतो, मग मुलं नेतात. आजींचा दिवा त्यांच्या लग्नातला. मी नंतर माझा घेतला तो जुन्या वस्तूंच्या बाजारातून, रंग उडालेला, दुकानातल्या किमतीच्या चौथाईत. हेनिंगसेन डाव्या विचारांचा होता, त्याला हे दिवे सामान्य घरांसाठीच हवे होते. ते तसे राहिले का, हा वाद इथेही चालतो. तुमच्या प्रश्नात तथ्य आहे, चोचला हा शब्द मात्र मला लागला :)

आणि कोपरान्‌कोपरा दिसण्याबद्दल. मी पुण्याला घरी गेले की आता पहिले दोन दिवस डोळे दुखतात. सोफ्यावर बसलं की समोरच्या भिंतीवरची ट्यूब थेट डोळ्यात. आयुष्यभर त्याच उजेडात वाढले, कधी जाणवलं नव्हतं.

कोनाडा

मी ठाण्यात इंटिरियरची कामं करते. रानजाईच्या धाग्यावर माझी भडास काढून घेते.

आमच्याकडे गिऱ्हाईक येतं ते फोनमध्ये फोटो घेऊनच. दहातल्या तीन फोटोंत 'आर्टिचोक' असतो. तोही हेनिंगसेनचाच, १९५८ चाच, कोपनहेगनच्या बंदरावरच्या लांगेलिनिए पॅव्हेलियन या उपाहारगृहासाठी केलेला. तांब्याची ७२ पानं, १२ ओळींत, प्रत्येक ओळीत सहा, आणि प्रत्येक ओळ वरच्या ओळीच्या फटी झाकेल अशी सरकवलेली. त्यामुळे कुठल्याही बाजूने, खालूनसुद्धा, बल्ब दिसत नाही. डॅनिश लोक त्याला 'कोग्ले' म्हणतात, पाइनच्या झाडाचं ते खवल्याखवल्यांचं फळ. आमच्या सुतारदादांनी फोटो बघितला आणि म्हणाले, मॅडम, हे तर सीताफळ. तेव्हापासून आमच्या साइटवर त्याचं नाव सीताफळ.

मूळ सीताफळाची किंमत काही लाखांत जाते, म्हणून गिऱ्हाईक नक्कल मागतं. नकलेत पानांचे कोन चुकलेले, पत्रा पातळ, आतून पॉलिश चकचकीत. लावला की पानांच्या फटींतून बल्ब डोळे वटारून बघतो. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी एवढा खटाटोप होता तीच गेली, उरला नुसता आकार. वर त्याच खोलीत पीओपीच्या छतात चोवीस डाउनलायटर! त्या झगमगाटात सीताफळ लागलंय की विझलंय तेही कळत नाही.

दुसरी अडचण कुणी बोलत नाही ती सांगते. पंखा. आपल्या छताचा मधला मान पंख्याचा. डेन्मार्कला पंखा नाही, म्हणून दिवा मधोमध आणि खाली सोडता येतो. इथे वायरवर लोंबणारा दिवा पंख्याच्या वाऱ्याने झोके घेतो आणि जेवताना पानातल्या सावल्या नाचतात. म्हणून आपली ट्यूब भिंतीवर गेली आणि डोळ्यात आली. चव नाही म्हणून नाही, उकाडा आहे म्हणून.

फुकटचा सल्ला

पंख्याचा मुद्दा पटला. चोचला शब्द मागे.

कागदी होडी

मी ओडेन्सला असतो. म्हणजे हान्स अँडरसनच्या गावात, पण माझ्या मते गावाची दुसरी मोठी ओळख 'ले क्लिंट'. हे लोक घड्या घालून दिवे करतात. अक्षरशः घड्या. लहानपणी आकाशकंदिलाच्या करंज्या वळलेल्या कुणालाही तिथे पाच मिनिटांत घरच्यासारखं वाटेल.

गोष्ट सुरू होते विसाव्या शतकाच्या तोंडावर. पी. व्ही. येन्सन-क्लिंट नावाचे वास्तुरचनाकार. कोपनहेगनचं ते विटांचं, ऑर्गनच्या नळ्यांसारखं दिसणारं ग्रुंटविग चर्च त्यांचं. त्यांनी रॉकेलचा एक मातीचा दिवा केला आणि त्याला शेड हवी म्हणून कागद दुमडला. घरात सगळ्यांना तो नाद लागला. मुलगा कोरे क्लिंट, हा डॅनिश फर्निचरचा गुरू, त्यानेही दुमडले. दुसरा मुलगा टागे, त्याने १९४३ मध्ये त्याचा रीतसर धंदा केला आणि आपल्या मुलीचं, ले-चं नाव दिलं. साल बघा. देश जर्मनांच्या ताब्यात आणि हे कागद दुमडतायत. कोरेचा 'फळ कंदील', मॉडेल १०१, १९४४ चा. टेबलावर ठेवला तर सोललेल्या संत्र्यासारखा, पेटवला तर आकाशकंदीलच.

इतकी वर्षं सगळ्या घड्या सरळ रेषेत होत्या. मग पॉल क्रिस्टियनसेनने घडी वळवली, सरळऐवजी साइन वक्रावर, म्हणजे लाटेसारख्या वर-खाली जाणाऱ्या रेषेवर. १९७१ चं मॉडेल १७२. सपाट पान वक्र रेषेवर दुमडलं की ते आपोआप फुगतं, लाट उठते. कुणीही घरी करून बघा. जाड कागदावर बोथट सुरीने वळणदार रेघ ओढा आणि त्या रेघेवर दुमडा. पहिल्यांदा फाटेल. दुसऱ्यांदा 'अरेच्चा' म्हणाल.

आता कागदाऐवजी प्लास्टिकचं पातळ पान वापरतात, म्हणजे पुसता येतं. घड्या मात्र अजून हातानेच. मी एकदा बघितलंय. बाई माझ्याशी बोलत होत्या, बोटं आपली चालू. नजर खाली गेलीच नाही. आमची आजी वाती वळायची तशी.

आज्जीचा चष्मा

कागदी होडी, वाती वळण्याचं वाचून बरं वाटलं. मी पंच्याहत्तरीची, साताऱ्याहून वाचते. एक व्यावहारिक प्रश्न. त्या घड्यांत धूळ बसत नाही का? आणि पावसाळ्यात दिव्याभोवती किडे येतात, मग किड्यांमागे पाल येते. त्या थाळ्यांच्या दिव्यात पालीने संसार थाटला तर? आपल्याकडे जमेल का हे?

कागदी होडी

@आज्जीचा चष्मा, आजी, धूळ इथेही बसते. महिन्यातून एकदा मऊ ब्रश. पालीवर डॅनिश लोकांनी अजून काही डिझाइन केलेलं नाही, त्यांच्याकडे पाल नाही :)

भटक्या ७७

आर्ने याकोबसेनचं नाव कसं नाही आलं अजून? कोपनहेगनला रेल्वे स्टेशनबाहेर पडलं की समोर जो उंच काचेचा ठोकळा दिसतो तो त्याचा. एसएएस रॉयल हॉटेल, १९६० ला उघडलं. इमारतच नाही, खुर्च्या, काटेचमचे, दाराच्या मुठी, सगळं त्याने केलं, आणि त्यासोबत एजे दिवा. मान वाकवून उभ्या असलेल्या बगळ्यासारखा. डोकं तिरकं कापलेलं, हलवता येतं, उजेड फक्त पुस्तकावर. पुढे हॉटेल बदलत गेलं, पण ६०६ क्रमांकाची खोली जशी होती तशी ठेवली आहे. हिरवट निळी, तेव्हाच्या सगळ्या सामानासकट.

हेनिंगसेन आणि याकोबसेन यांचं एक नातं मला फार आवडतं. १९४३ च्या शरदात नाझींनी डॅनिश ज्यूंची धरपकड सुरू केली. याकोबसेन ज्यू. तो, हेनिंगसेन आणि दोघांच्या बायका एका छोट्या होडीत बसले आणि वल्ही मारत ओरेसुंडची सामुद्रधुनी ओलांडून स्वीडनला गेले. विचार करा, ती होडी उलटली असती तर एका रात्रीत डॅनिश डिझाइनचं अर्धं शतक बुडालं असतं. पीएच ५ नाही, सीताफळ नाही, एजे नाही.

त्याआधीची दोन वर्षं हेनिंगसेन टिवोली बागेचा वास्तुरचनाकार होता. जर्मन ताब्यात ब्लॅकआउट, रात्री उजेड दिसला तर गुन्हा. टिवोली तर रात्रीच चालणारी बाग. त्याने १९४१ मध्ये असा दिवा केला जो जमिनीवर उजेड पाडतो पण आकाशातून विमानाला दिसत नाही. बाग मध्यरात्रीपर्यंत चालू राहिली. उजेड वर जाऊ द्यायचा नाही, हे तर तो पंधरा वर्षं करतच होता. फक्त आता तपासनीस बॉम्बर होते.

तारमास्तर

@भटक्या, ब्लॅकआउटचा दिवा वाचून १९७१ आठवलं. आम्ही मिरजेला खिडक्यांना काळा कागद लावला होता आणि बल्बला वर्तमानपत्राची टोपी. टोपी जळायला लागायची. आमच्यात कुणी हेनिंगसेन नव्हता.

ध्रुवतारा

सगळे पीएचच्या भजनी लागलेत म्हणून मी वर्नर पॅन्टनची बाजू घेतो. हा माणूस डॅनिश असूनही अजिबात डॅनिश वाटत नाही. बाकीचे पांढरं, करडं, लाकडाचा रंग करत बसले होते तेव्हा याने भडक नारिंगी आणि जांभळा काढला. १९५० ते ५२ तो याकोबसेनच्या कचेरीत होता. त्याचं पहिलं लग्न हेनिंगसेनच्या सावत्र मुलीशी झालं होतं, ते टिकलं नाही. म्हणजे एका गुरूकडे नोकरी, दुसऱ्याकडे सासुरवाडी, आणि तरी दोघांसारखा झाला नाही. पुढे तो डेन्मार्क सोडून स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला राहिला.

त्याचे दिवे बघा. 'मून', १९६०, एकात एक कड्या, फिरवल्या की चंद्राच्या कला. 'फ्लॉवरपॉट', १९६८, दोन अर्धगोल, एक मोठा एक छोटा, समोरासमोर. नाव सरळ हिप्पींच्या फुलांवरून. 'पॅन्थेला', १९७१, वर अळंबीची टोपी, खाली कर्ण्यासारखा पाय. त्याची युक्ती पायात आहे. टोपीतून खाली आलेला उजेड तो पाय पुन्हा परततो. दिव्याचा खांबच दिव्याची शेड होतो. शिंपल्यांच्या चकत्या टांगलेले 'फन' दिवे तर गोव्यातल्या कुठल्याही शॅकमध्ये शोभतील.

बल्ब लपवायचा हा नियम त्यानेही पाळला बरं का. फक्त सोवळं सोडलं.

कोनाडा

पॅन्टन माझाही लाडका, पण एक सांगू? पॅन्थेला आणि फ्लॉवरपॉटच्या त्या छोट्या, चार्जिंगच्या आवृत्त्यांनी हल्ली कॅफेवाल्यांनी उच्छाद मांडलाय. मुंबई-पुण्यात प्रत्येक टेबलावर एक अळंबी, बहुतेक नकली, आणि वर छतात पांढरेशुभ्र स्पॉट चालूच. अरे, ती टेबलावर ठेवायचीच तर वरचे बंद करा की!

रानजाई

नकलांचा विषय निघालाय म्हणून. डेन्मार्कमध्ये अशा वस्तूंना कलाकृतीसारखा कॉपीराइट आहे, निर्मात्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं. हेनिंगसेन १९६७ ला गेला, म्हणजे २०३७ अखेरपर्यंत. याकोबसेन (१९७१) २०४१. पॅन्टन १९९८ ला गेला, त्याचं २०६८ पर्यंत. ब्रिटनमध्ये हे संरक्षण फार तोकडं होतं, त्यामुळे नकला तिथून सुखाने विकल्या जात, २०१६ मध्ये तोही कायदा बदलला.

जुना दिवा घेणाऱ्यांसाठी: १९२० च्या दशकातल्या अगदी पहिल्या पीएच दिव्यांच्या पितळी होल्डरवर पेटंटसाठी अर्ज केल्याचा शिक्का असतो. तसला दिवा कुणाच्या तळघरात निघाला की तो थेट लिलावात जातो. मी एकदा हुरळून एका विक्रेत्याकडून काचेच्या शेडचा 'अस्सल' दिवा घेतला. घरी येऊन लावला तर उजेड थंड आणि कोरा. अस्सल काच तीन थरांची असते, मधला दुधी, बाहेरून तुकतुकीत, आणि आतली बाजू मंद केलेली, त्यामुळे उजेड काचेतून थोडा पाझरतो. माझी नुसती पांढरा रंग फासलेली होती. विक्रेता फोन उचलेना. तो दिवा आता माझ्याकडे बाल्कनीत आहे, पावसात.

ध्रुवतारा

आजचं काय पण? सगळे मेलेल्यांचेच दिवे विकत बसलेत असं मला वाटतं. गुबी नावाच्या कंपनीने तर जुनं काढून पुन्हा चकाकवण्याचाच धंदा मांडलाय. लुई वाइसडॉर्फचा १९७२ चा 'मल्टी-लाइट', थोरूप आणि बोंडेरूप या दोघांनी १९६८ ला केलेला 'सेमी'. दिवे उत्तमच आहेत, पण पन्नास वर्षांपूर्वीचे.

रानजाई

@ध्रुवतारा, अर्धं मान्य. पण सेसिली मान्झचा 'काराव्हाजो' (२००५) बघा. नुसती घंटा, बाटलीच्या मानेसारखी वर निमुळती, आणि लाल कापडी वायर. त्या लाल वायरीवर माझा जीव आहे. सगळे वायर लपवायच्या मागे असताना हिने तिला कुंकू लावलं. ओइविन स्लाटोचा 'पटेरा' (२०१५) हा पांढरा गोळा, सूर्यफुलातल्या बियांच्या रचनेसारखे शंकरपाळी कप्पे. झुंबराचा थाट आहे, लोलक एकही नाही. गोगलगायीपासून सूर्यफुलापर्यंत, सर्पिल काही सुटत नाही यांच्याकडून.

आणि ओलाफुर एलियासन, डॅनिश-आइसलँडिक कलावंत. त्याने २०१९ मध्ये लुई पौल्सेनसाठी 'ओई क्वासी' केला. त्यात दिवे बाहेरच्या सांगाड्यावर आहेत आणि ते आत रोखलेले, आतला गाभा उजेड परततो. हेनिंगसेनचं आतलं बाहेर केलं. याच माणसाने २०१२ मध्ये अभियंता फ्रेडरिक ओटेसनबरोबर 'लिटल सन' काढला होता, हातात मावणारा पिवळा सौर दिवा, वीज न पोचलेल्या घरांसाठी. रॉकेलच्या दिव्यात वाढलेल्या हेनिंगसेनला तो बघायला आवडला असता, पण उघडा एलईडी बघून त्याने बोटही दाखवलं असतं.

आज्जीचा चष्मा

मी परत आले. या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यानंतर ट्यूबचा उजेड डोळ्यात घुसल्यासारखा वाटतो. तुमचा धागा नातवाकडून मोठ्या अक्षरात करून पुन्हा वाचला. सत्तर हजारांचा दिवा मी घेणार नाही हे उघड आहे. पण खाली सोडलेला, बल्ब न दिसणारा दिवा जेवणाच्या टेबलावर करून बघायचा आहे. बल्ब कसला घेऊ? तारमास्तर, सांगाल?

तारमास्तर

ताई, जरूर.

पहिलं, रंग. खोक्यावर २७०० केल्व्हिन किंवा 'वॉर्म व्हाइट' बघा. ६५०० अजिबात नको, तो दवाखान्यातला उजेड. जमलं तर सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वरचा घ्या, भाजी भाजीच्या रंगाची दिसते.

दुसरं, आकार. नेहमीच्या एलईडी बल्बचा खालचा अर्धा भाग पांढऱ्या प्लास्टिकचा असतो, तिथून उजेड येत नाही. दिवा टांगला की बल्ब उलटा लटकतो, म्हणजे सगळा उजेड खालीच सांडतो आणि वरच्या शेड अंधारात. डेन्मार्कवाल्यांच्या दिव्यांतही हाच घोळ होतो. त्यापेक्षा जुन्या बल्बसारखा दिसणारा, काचेचा, आत तंतूसारख्या पट्ट्या असलेला फिलामेंट एलईडी घ्या, दुधी काचेचा. चारही बाजूंना उजेड देतो.

तिसरं, होल्डर. आपल्याकडे पिनेचा, त्यांच्याकडे आट्यांचा. व्होल्टेज दोन्हीकडे २३० च. तेव्हा कुणी तिकडून दिवा आणला तरी घाबरायचं कारण नाही, आट्यांचे बल्ब आता आपल्याकडेही मिळतात.

शेड साधी अॅल्युमिनियमची खोलगट घ्या, कारखान्यात असते तसली. आतून पांढरा मॅट रंग मारून घ्या. बल्ब शेडच्या काठापेक्षा वर राहील असा होल्डर आत ओढा. खुर्चीत बसून बघा. दिसला तर अजून वर.

आज्जीचा चष्मा

झालं. वायरमन आला होता. तो तीनदा म्हणाला, आजी एवढा खाली नको. मी म्हटलं, तू लाव. टेबलापासून अडीच फूट. बसल्यावर बल्ब दिसत नाही. पहिल्या दिवशी सूनबाईंना अंधारल्यासारखं वाटलं, आता त्याच जेवणानंतर तिथे पुस्तक घेऊन बसतात. नातवाचं डोकं दोनदा आपटलं.

एक राहिलं. कोनाडा म्हणाली तसंच झालं. पंखा दोनवर ठेवला की दिवा झोके घेतो आणि आमटीत सावली हलते. काही उपाय?

तारमास्तर

वायरीवर टांगू नका. पंख्याचा दांडा मिळतो ना, हार्डवेअरच्या दुकानात, पांढरा, लागेल तेवढ्या लांबीचा? त्यातून वायर ओवा, दिवा दांड्याला बसवा. हलणार नाही. वरचा क्लॅम्प मात्र जाडा घ्या, आणि नातवाला आता जास्त जोरात लागेल हे आधीच सांगून ठेवा.